दीड होडीचं अंतर

पत्र्याच्या डब्याचं झाकण चमच्याच्या देठाने उचकटलं की होतो तेवढाच आवाज झाला, टक्. पण घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललेलं नव्हतं, म्हणून तो मोठा वाटला. मी गोधडीतून डोकं बाहेर काढलं. उजाडायला अजून अवकाश होता. बा चुलीपाशी उकिडवा बसून लोण्याच्या डब्यात दोन बोटं घालत होता.

"खायाचं लोणी हाय ते," आय अंथरुणातूनच म्हणाली. दोन दिवसांतलं तिचं हे पहिलं बोलणं.

"क्लबातली चरबी संपलीया. वल्ह्याचं चामडं कोरडं पडलंय."

"मग सायबाच्या घरनं आना की चरबी. शर्यतीची हौस त्येला आनि लोणी माझं."

बा हसला आणि बोटं अजून जरा खोल घातली. "सगुणा, ऊठ. तोंड धू."

"तिला कशापायी नेताय?"

"निशान कोन धरनार? तू येतीस का?"

आयने कूस बदलली आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "जिंकू नका म्हंजे झालं."

बाने डब्याचं झाकण दाबून बसवलं. लोण्याचा गोळा केळीच्या पानात बांधला आणि आम्ही निघालो.

निघालो म्हणजे काय, घराबाहेर पडलं की वीस पावलांवर नदीचं पाणी. सांगवडच्या छावणीत साहेबलोकांचा होड्यांचा क्लब होता आणि त्याच्या होड्या ठेवायच्या कोठीमागच्या खोलीत आम्ही राहत होतो. राणीचं राज्य होतं, साल अठराशे त्र्याण्णव, आणि मी अकरा वर्षांची होते. बा, गेणू भोई, त्या होड्यांचा राखणदार. होड्या पाण्यात सोडायच्या, बाहेर काढायच्या, फुटल्या की जोडायच्या आणि जोडल्या की पाण्यात घालून नीट चालतात का ते बघायचं. शर्यतीच्या त्या होड्या लांबीला पाच माणसं निजतील एवढ्या आणि रुंदीला एकच माणूस जेमतेम मावेल अशा. नवीन आलेले साहेब त्यात बसले की पहिल्या दिवशी हमखास पाण्यात पडत. बा आठ वर्षं त्या तपासत होता, कधी पडला नव्हता.

कोठीच्या भिंतीवरच्या पाटीवर क्लबाचे नियम इंग्रजीत रंगवलेले होते. मी छावणीतल्या मिशनच्या शाळेत जायला लागल्यावर बाने मला त्या पाटीपुढे उभं केलं. "वाच. इतकी वर्सं हिच्यावरची कोळिष्टकं काढतोय, काय लिवलंय ते कळू दे." मला सगळं लागलं नाही, शाळेतल्या बाईंना विचारून आले आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं. ज्याचं पोट हातांच्या कष्टावर आहे, किंवा जो होड्यांवर मजुरी करतो, त्याला शर्यतीत उतरता येणार नाही. आणि जो कुणी साहेब अशा माणसाबरोबर एकदा जरी शर्यत लावील, तो स्वतःही बाद. त्या वर्षापुरता नव्हे, कायमचा.

बाने पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हंजे ज्येला होडी हाकायला येत न्हाई, त्येनंच हाकायची."

एकाला मात्र फार चांगली येत होती. कॅप्टन लव्हेल. उंच, सडपातळ आणि सदा पाण्यापाशी, म्हणून छावणीतले सगळे नोकर त्यांना लव्हाळेसाहेब म्हणत. विलायतेत त्यांनी तीन वर्षं एकट्याच्या होडीचा पहिला मान मिळवला होता. इथे आल्यावर क्लबाच्या वार्षिक शर्यतीत लागोपाठ चार वर्षं तेच पहिले. पाचव्या वर्षीही जिंकले, तर चांदीचा पेला कायमचा त्यांचा होणार होता. त्यानंतर ते मायदेशी परत जाणार होते. वय झालं होतं म्हणे, चौतीस.

त्या मोसमात एका संध्याकाळी ते कोठीत आले, तेव्हा बा दुरुस्त केलेली होडी तपासून काठाला लावत होता. ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग त्यांच्या छावणीच्या हिंदुस्थानीत म्हणाले, "गेणू, हमारे गाँव का नदी पर भी नाववाला लोग था. हमारा बाप बोलता, वो लोग के साथ कभी नहीं. हम इतना कप जीता. लेकिन वो नाववाला हमसे तेज था या नहीं, हमको आज तक मालूम नहीं."

बाने वल्ही काढून काठावर ठेवली.

"एक बार मालूम होना मंगता. कोई देखेगा नहीं."

"आनि तुमास्नी कुनी बाद केलं तर, सायेब?"

"हमारा फिकर हम करेगा. तुम झूठमूठ पीछे नहीं रहना. पीछे रहेगा तो हमको समझेगा."

बा हो म्हणून आला. घरी हे सांगून बसला, आणि तेव्हापासून आय बोलेनाशी झाली होती.

तर त्या पहाटे मी बंधाऱ्याच्या कट्ट्यावर साहेबांचा पांढरा टॉवेल काठीला बांधून उभी राहिले. दोघांनी पाऊण मैल वर पंपघरापासून निघायचं होतं. ज्याच्या होडीचं टोक कट्ट्यासमोर येईल, त्याच्यासाठी टॉवेल खाली करायचा. पाण्यावर धुकं नव्हतं, वारा नव्हता. लांबून साहेबांचा आकडे मोजल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ फक्त चार वल्ह्यांचा.

त्या होड्यांत माणूस जायच्या दिशेला पाठ करून बसतो. म्हणून मला दोघांच्या पाठीच दिसत होत्या, एक पांढरा बनियन आणि एक उघडी काळी पाठ. आणि म्हणूनच जो मागे पडतो, त्याला पुढचा दिसत नाही. त्याला आपण सोडून आलेलं मोकळं पाणी तेवढं दिसतं. पुढच्याला मात्र मागच्याची सगळी धडपड समोर दिसत राहते. निम्म्यापर्यंत दोघं जोडीने होते. मग काळी पाठ सुटी झाली. आधी हातभर, मग अर्धी होडी. मला आठवलं, आय म्हणाली होती जिंकू नका. आता बाला साहेबांचा प्रत्येक हिसका दिसत असणार. एवढंच करायचं होतं की चार हात सावकाश मारायचे. मी टॉवेलची काठी दोन्ही हातांनी धरली आणि मनात म्हणत राहिले, नको, नको, नको. त्या नकोमध्ये मला नक्की काय नको होतं, ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

बाने एकही हात सावकाश मारला नाही.

दीड होडीचं अंतर पडलं. मी टॉवेल खाली केला. साहेब पोचले, वल्ही सोडून दिली आणि गुडघ्यांवर डोकं ठेवून धापा टाकत बसले. मग मान वर करून मागच्या रिकाम्या पाण्याकडे बघितलं आणि हसायला लागले, अगदी पोरासारखे. काठाला आल्यावर त्यांनी हात पुढे केला. बाने आपला हात आधी धोतराला पुसला, उताणा करून बघितला आणि मग दिला.

त्या दिवशी बाने चार भाकरी खाल्ल्या. आय वाढत होती आणि मोजत होती. चौथीला म्हणाली, "काय झालं ते कळलं मला. आता पाणी तरी प्या."

तीन दिवसांनी कळलं की कुणी बघणार नाही म्हटलं होतं, ते कुणीतरी बघितलं होतं. मेजर बक्ली पलीकडच्या काठाने घोडा फिरवायला गेले होते. हे मेजर चारही वर्षं दुसरे आलेले. त्यांनी तक्रार केली. शनिवारी वार्षिक शर्यत, आणि गुरुवारी दुपारी चौकशी.

बुधवारी क्लबाचे कारकून नाना खांबेटे आमच्या दाराशी आले. उंबरा ओलांडून आत आले नाहीत, पण बाहेर बराच वेळ उभे राहिले. भला माणूस.

"गेणू, घाबरू नकोस. यांची एक रीत आहे. सभ्य गृहस्थाला एकदम विचारत नाहीत. विचारलं म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेतली असं होतं. आधी साक्षीदार लागतो. मेजरनी लांबून दोन होड्या बघितल्या आणि काठावर पोर बघितली. तेव्हा हिला विचारतील. ही नाही म्हणाली की संपलं. साहेबांना कुणी विचारणारही नाही."

"आनि व्हय म्हनाली तर?" आय आतून म्हणाली.

"तर साहेब बाद. आणि साहेबाला बाद करवणारा नोकर कुठला क्लब ठेवून घेईल?"

ते गेल्यावर बा मला पाण्याकडे घेऊन गेला. वाळत घातलेल्या दोरखंडावर आम्ही बसलो.

"इचारलं तर म्हनायचं, होड्या धुऊन माघारी आनत होते."

"शर्यत नव्हती म्हणू?"

"व्हती कुठं? होड्या आनत होतो."

"आणि तू जिंकलास ते?"

"ते मला ठावं हाय."

"मलाही ठाऊक आहे."

"मग झालं की. दोघास्नी ठावं हाय, अजून किती मानसं लागत्यात?" त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवून केस विसकटले. "साळंत खोटं बोलू नको म्हनत असतील. त्या बाईला माझ्याकडं लावून दे. मी समजावतो तिला."

मी हसले आणि कबूल झाले. खरंच कबूल झाले होते. गुरुवारी त्या खोलीत शिरेपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

खोलीत लांब टेबलामागे सेक्रेटरी साहेब बसले होते, लाल चेहऱ्याचे, दमेकरी. एका बाजूला मेजर बक्ली. खिडकीपाशी लव्हाळेसाहेब, हातात क्लबाची निळी टोपी. खांबेटे दौत-टाक घेऊन कोपऱ्यात, लिहायलाही तेच आणि माझं बोलणं इंग्रजीत सांगायलाही तेच. बाला दाराबाहेर उभं केलं होतं, पण दार उघडं होतं. त्याने धुतलेलं मुंडासं बांधलं होतं.

आधी मेजर बोलले. शाळेत ऐकून ऐकून मला इंग्रजी बोलता येत नसलं, तरी सावकाश बोललेलं समजत होतं. त्यांनी दोन होड्या बघितल्या. दोन्ही वेगात होत्या. एकीत कॅप्टन, दुसरीत नावाडी.

"नावाडी कॅप्टनच्या किती मागे होता?" सेक्रेटरींनी विचारलं.

मेजर जरा घुटमळले. "मागे नव्हता. पुढे होता."

सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला आणि खोकला येईपर्यंत हसले. "मग मिटलंच की. नावाडी पुढे होता, म्हणजे शर्यत नव्हती. कॅप्टन लव्हेल रमतगमत येत असणार. अहो, हा माणूस इंग्लंडातला पहिला. त्याच्यापुढे जाईल असा नावाडी या देशात आहे का कुठे?"

मेजरही हसले. ज्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं, तेसुद्धा हसले. त्यांनाही ते पटलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. लव्हाळेसाहेब खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. मायेने बोलले. त्यांना मला त्रास द्यायचा नव्हता. खांबेट्यांनी ते मराठीत सांगितलं आणि त्यांचंही बोलणं मायेचंच होतं. "घाबरू नकोस, बाळ. साहेब विचारतात, कॅप्टनसाहेब त्या दिवशी सावकाश येत होते ना? हो म्हण आणि घरी जा."

खोटं बोलायचं ठरलं होतं ते वेगळं होतं. होड्या धुऊन आणत होते, एवढं मी म्हणाले असते. पण आता मला विचारत होते की बा पुढे होता, कारण साहेब सावकाश होते. मी दाराकडे बघितलं. बाला इंग्रजी कळत नव्हतं, पण ते हसले होते ते त्याला ऐकू गेलं होतं, आणि का हसले हे त्याने ओळखलं असावं. तो खाली, आपल्या पायांच्या बोटांकडे बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "साहेब जीव खाऊन मारत होते. बा त्यांच्यापुढे गेला."

खांबेट्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.  मग सेक्रेटरींना इंग्रजीत म्हणाले, "मुलगी म्हणते, होय, सावकाश येत होते."

सेक्रेटरींनी मान डोलावून कागद पुढे ओढला. खांबेटे माझ्याकडे बघत नव्हते. पण त्यांच्या डाव्या हाताचा तळवा टेबलाखालून मला खुणावत होता, बस, बस, जा आता. त्यांनी आमचं छप्पर वाचवलं होतं, साहेबांचा पेला वाचवला होता, आणि मला खोटंही बोलायला लावलं नव्हतं. मी फक्त वळून बाहेर जायचं होतं.

मी टेबलाची कड धरली. शाळेत कविता म्हणताना धरायचे तशी.

"नो," मी म्हणाले. "नॉट स्लो. रेस. माय फादर वन."

माझ्या तोंडचं ते पहिलं इंग्रजी.  सेक्रेटरी खांबेट्यांकडे बघू लागले आणि खांबेटे दौतीकडे. मग लव्हाळेसाहेब खिडकीपासून पुढे आले आणि त्यांनी निळी टोपी टेबलावर ठेवली.

"ती खरं सांगते," ते म्हणाले. "दीड होडीने." आणि दाराकडे वळून त्यांच्या भाषेत, "डेढ होडी, गेणू. बराबर?"

बाने मान वर केली.

"शर्यत झाली एवढं लिहा," सेक्रेटरी खांबेट्यांना म्हणाले. "बाकीची गरज नाही."

"बाकीचंही लिहा," लव्हाळेसाहेब म्हणाले. "मुलीने सांगितलं तसं. कोण जिंकलं ते."

खांबेट्यांचा टाक थांबला होता, तो पुन्हा चालू लागला. मी उलट्या बाजूने बघत होते, तरी अक्षरं लागली. बाचं नाव त्यांनी पूर्ण लिहिलं, गेणू वल्द राणोजी भोई, आणि त्यापुढे मी म्हटलेला तो शब्द, वन. मी तो वाचून होईपर्यंत टेबलाची कड सोडली नाही.

घरी येताना बा पुढे चालत होता आणि मी मागे. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मला दिसलं नाही. आयला कुणी सांगायची गरज पडली नाही. तिने आमच्याकडे बघितलं आणि उतरंडीची मडकी एकेक करून खाली घ्यायला लागली. "लोणी गेलं, छप्पर बी गेलं," ती म्हणाली. "आता हिला अजून साळंत घाला."

शनिवारी शर्यत झाली. मेजर बक्ली पहिले आले. रविवारी आम्ही गाडी भरली. लव्हाळेसाहेब चालत आले, टोपीशिवाय. बाला म्हणाले, "गेणू, गुस्सा?"

"न्हाई, सायेब."

मला त्यांनी नमस्कार केला, मोठ्या बाईला करावा तसा मान लववून. मग उलटे फिरले आणि पाण्याकडे न जाता छावणीच्या रस्त्याने गेले.

मामाच्या गावी, माळेवाडीला, तरीचं काम मिळालं. माणसं, शेळ्या, लग्नाची वऱ्हाडं बा या काठावरून त्या काठावर नेऊ लागला. माझी शाळा सुटली नाही. बानेच तालुक्याला मावशीकडे ठेवून ती पुरी केली आणि आज मी गावच्या मुलींच्या शाळेत शिकवते ती त्यामुळेच. एवढं त्याने केलं, पण त्या गुरुवारचा एक शब्द कधी काढला नाही. चांगला नाही, वाईट नाही. मी दोन-तीनदा विषय काढला. तो उठून तरीचा दोर बांधायला गेला.

एकदाच त्या दिवसाचं काही आमच्या दारी आलं. मला ठकू झाली त्या वर्षी नाना खांबेटे पेन्शन घेऊन गावी निघाले होते, ते आमच्या तरीत बसले. मी ठकूला मांडीवर घेऊन पुढच्या फळीवर होते. त्यांनी सांगितलं की साहेबांनी मायदेशी पोचल्यावर तिथल्या सगळ्या क्लबांना स्वतः पत्रं लिहिली. मी एका नावाड्याबरोबर शर्यत केली आहे आणि हरलो आहे, सबब माझं नाव काढावं. तिकडे कुणाला पत्ताही लागला नसता. सगळीकडून नाव निघालं. पुन्हा कुठल्याच शर्यतीत त्यांना उतरता आलं नाही.

बा ऐकत होता. दोन-तीन हात मारून झाल्यावर म्हणाला, "येडा मानूस," आणि पलीकडचा काठ येईपर्यंत वल्हं मारत राहिला. नाना उतरले, तेव्हा त्याने त्यांना हात दिला.

गेल्या आषाढात बा गेला. ठकू पाच वर्षांची आहे. ती चालायला लागल्यापासून त्याच्या तरीत, त्याच्या पायांशी बसून मोठी झाली. आज दुपारी तिच्या केसांना तेल लावताना मी तिला हे सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिला साहेब आवडले, लोणी आवडलं, आणि टॉवेल खाली केला तिथे तिने टाळ्या वाजवल्या.  मी एक वेणी घालून दुसरी घ्यायला तिचं डोकं वळवलं, तेव्हा तिने माझा हात धरला.

"आज्जा मला समदं सांगायचा," ती म्हणाली. "डोहातल्या भुताचं, मगरीचं, तुझा दात पडला त्याचं बी. मग आई, तो जिंकला हे त्यानं मला का नाही सांगितलं?"